मळ्याची राखण

अजिंठ्याच्या डोंगररांगांनी बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग पाडले आहेत. डोंगरावरील पठारी मुलखास लोक ‘घाटावर’ म्हणतात, तर उत्तरेकडील पूर्णा नदीच्या सपाट, काळ्याभोर खोऱ्यास ‘घाटाखाली’ म्हणतात. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा ही गावे घाटावरची. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद ही घाटाखालची. दोन्हींकडे कापूस, सोयाबीन, तूर आणि हरभरा ही पिके मोठ्या प्रमाणावर होतात. परंतु जेथे विहिरीचे पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकते, किंवा जेथे पैनगंगा, खडकपूर्णा व नळगंगा या नद्यांवरील धरणांचे पाणी पोचते, तेथे हिरवेगार मळे दिसू लागतात. एका वाफ्यात मेथी आणि सांबार, दुसऱ्यात वांगी, तिसऱ्यात मिरची, बांधाच्या कडेला चवळी आणि दोडक्याचे वेल, अशी या मळ्यांची शोभा असते.

ही शोभा शेतकऱ्यास मोठ्या कष्टाने मिळालेली असते. बियाणे विकत आणावे लागते. जमीन भुसभुशीत करून सऱ्या-वरंबे पाडावे लागतात. रात्री वीज येईल तेव्हा उठून पाणी द्यावे लागते. ज्याची शेती दोन-तीन एकरांचीच आहे, त्याच्या घरचे मीठमिरचीपासून मुलांच्या वह्यांपर्यंतचे सारे खर्च पुष्कळदा या लहानशा मळ्यावर चालतात. आठवडी बाजारात दर आठ दिवसांनी चार पैसे हाती देणारे पीक म्हणजे भाजीपाला. म्हणूनच पेरलेला वाफा पहाटे पाखरांनी टिपून नेला, तर त्या घराचे नुकसान केवळ मूठभर दाण्यांचे नसते. बियाणे जाते, मजुरी जाते आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पेरणीची वेळ निघून जाते. ती कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

मळ्यात येणारी सर्व पाखरे सारख्याच रीतीने नुकसान करीत नाहीत. ज्यास राखण नीट करावयाची आहे, त्याने प्रथम पाखरे ओळखावयास शिकले पाहिजे. पेरलेले किंवा उघडे पडलेले बी टिपतात ते पारवे आणि होले. मेथी, पालक यांचे कोवळे अंकुर खुडतात त्या चिमण्या आणि बुलबुल. पिकलेल्या टोमॅटोस चोच मारून त्यातील गर खातात ते बुलबुल, साळुंक्या आणि कावळे. मिरची, वाटाण्याच्या शेंगा आणि मक्याची कणसे यांवर तुटून पडतात ते पोपट. पोपटाची खोड अशी की, तो खातो थोडे आणि कुरतडून खाली टाकतो फार. मोर आणि लांडोर पायांनी माती उकरून बी खातात, रोपेही खुडतात. लोणारच्या सरोवराभोवतीच्या दाट झाडीत मोरांचा वावर आहे. अशा झाडीजवळच्या शेतांना त्यांचा उपद्रव सोसावा लागतो. मोर हा १९६३ साली भारताचा राष्ट्रीय पक्षी झाला. त्याचे सौंदर्य सर्वांस प्रिय आहे. पण ज्याच्या वाफ्यातील रोपे त्याने खुडली, त्या शेतकऱ्याची अडचणही खरीच आहे.

या सर्वांत पारव्याची गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. पारवा हा मुळात कड्याकपारींत राहणारा पक्षी. डोंगरातील कपारीसारखीच जागा त्यास जुन्या वाड्यांच्या व देवळांच्या भिंतींत आणि शेतातील बांधीव विहिरींच्या कोनाड्यांत सापडते. म्हणजे ज्या विहिरीच्या पाण्यावर मळा पिकतो, त्याच विहिरीत पुष्कळदा मळ्याचा हा पाहुणा मुक्कामास असतो! चिमण्या आणि सुगरण पक्षी हे एरवी दाणे खातात. परंतु पिलांना वाढविताना त्यांना मुख्यतः अळ्या आणि किडे भरवितात. पारव्याचे तसे नाही. त्याच्या गळ्याखाली असलेल्या अन्नाच्या पिशवीत दुधासारखा घट्ट पदार्थ तयार होतो आणि नर व मादी दोघेही तो पिलांना भरवितात. यास कबुतराचे दूध असे म्हणतात. त्यामुळे पिले असोत वा नसोत, पारव्याचा भर वर्षभर दाण्यावरच असतो. किडे वेचून शेतकऱ्याच्या उपकारांची फेड करणे त्यास फारसे जमत नाही.

एक पारवा दिवसाला सुमारे ३० ग्रॅम दाणा खातो. हा आकडा लहान वाटेल; पण पन्नास पारव्यांचा थवा घेतला, तर एका दिवसाचा हिशेब १,५०० ग्रॅम, म्हणजे दीड किलो होतो. वाटाण्याच्या पेरणीस एका गुंठ्यास साधारणतः अर्धा ते पाऊण किलो बी लागते. म्हणजे दोन-तीन गुंठ्यांचे बी त्या थव्याच्या एका दिवसाच्या भोजनास पुरते. अर्थात सारा थवा सारा दिवस एकाच मळ्यात बसून राहत नाही. तरीही लहान शेतकऱ्याने निष्काळजी राहू नये, एवढे या हिशेबावरून सहज समजते.

परंतु पारव्याच्या स्वभावातच त्याच्यावरील उपायही दडलेला आहे. कोंबडी किंवा मोर जसे पायांनी माती उकरतात, तसे पारव्यास किंवा होल्यास करता येत नाही. तो वर पडलेला, डोळ्यांस दिसणारा दाणाच टिपतो. फार तर चोचीने थोडी माती इकडेतिकडे उडवितो. म्हणून बी योग्य खोलीवर पडले आणि त्यावर माती नीट ओढली गेली, तर निम्मी राखण तेथेच झाली. वाफ्याच्या कडेला सांडलेले दाणे वेचून घेतले, तर थव्यास तेथे उतरण्याचे आमिषही राहत नाही. वाफ्यांवर गवताचे किंवा तुराट्यांचे पातळ आच्छादन घातले, तर ओल टिकते आणि बीही झाकले जाते. अंकुर वर येताच मात्र ते आच्छादन हळूच काढून घ्यावे लागते. नाहीतर रोपे पिवळी आणि लांबट होतात.

पाखरांपासून पिके राखण्याचा उद्योग शेतीइतकाच जुना आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘गाथासप्तशती’ या महाराष्ट्री प्राकृतातील संग्रहात शेतांची राखण करणाऱ्या स्त्रिया भेटतात. शेताच्या मधोमध चार उंच खांब रोवून त्यांवर माळा बांधावा, त्यावर उभे राहून हाळी द्यावी, आणि गोफण गरगरा फिरवून दगड भिरकावावा, ही रीत महाराष्ट्रात सर्वत्र होती. ज्वारीच्या शेतात ती आजही क्वचित दिसते. जाणता राखणदार गोफणीचा दगड पाखरास लागावा म्हणून मारीत नाही. गोफणीचा सणसणाट आणि दगडाचा आवाज एवढ्यानेच थवा उडून जातो.

तथापि या जुन्या राखणीची एक दुसरी बाजू होती. माळ्यावर दिवसभर बसणार कोण? मोठी माणसे कामात असत. त्यामुळे हे काम पुष्कळदा घरातील मुलामुलींच्या वाट्यास येई. पिके दाण्यावर आली की शाळेतील बाके रिकामी पडू लागत. पाखरे हाकलून दाणे वाचत. पण त्या मुलांचे अक्षर मागे पडे आणि त्या नुकसानीचा हिशेब कोणी मांडीत नसे. सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. तेव्हा ज्या उपायाने मळा राखला जाईल आणि मुलांची शाळाही बुडणार नाही, तोच उपाय खरा उत्तम म्हटला पाहिजे.

माणसाच्या जागी उभा राहणारा सर्वांत जुना नोकर म्हणजे बुजगावणे. दोन काठ्यांची फुली, तीवर फाटका सदरा, डोक्यास काळे मडके आणि त्यावर चुन्याचे डोळे! पहिल्या दिवशी पाखरे त्यास पाहून बिचकतात; दुसऱ्या दिवशी दूर बसून न्याहाळतात; आठवडा लोटला की एखादी साळुंकी खुशाल त्याच्या खांद्यावर बसून चोच पुसते. यात बुजगावण्याचा दोष नाही. जी वस्तू हलत नाही, बदलत नाही आणि कधीच इजा करीत नाही, तिला भिण्याचे कारण नाही, हे पाखरे अनुभवाने शिकतात. एकसारख्या वेळाने वाजणारे डबे आणि फटाके यांचीही हीच गत होते. म्हणून बुजगावण्याची जागा दर दोन-तीन दिवसांनी बदलावी, त्याचा सदरा बदलावा, वाऱ्याने हात हलतील अशी योजना करावी. आणि मुख्य म्हणजे पिकास धोका असेल तेवढ्याच दिवसांत ते उभे करून नंतर काढून ठेवावे. वर्षभर उभे राहणारे बुजगावणे हे पाखरांच्या दृष्टीने एक झुडूपच होय.

अलीकडे अनेक शेतांत पिकावरून ताणलेल्या चकचकीत फिती दिसतात. या फितीची एक बाजू चंदेरी आणि दुसरी बहुधा लाल असते. दोन खुंटांमध्ये ती थोडा पीळ देऊन बांधली, म्हणजे उन्हात झळकते आणि वाऱ्यात घुमते. पाखरांस एकाच वेळी प्रकाशाचा आणि आवाजाचा धाक बसतो. मात्र ओळींमधील अंतर फार ठेवले, तर पाखरे मधून निर्धास्तपणे उतरतात. आणि वारा पडला, की फितीचा अर्धा प्रभावही जातो. म्हणून फीत हा पेरणीनंतरचे पहिले दोन आठवडे किंवा फळ पिकण्याचे थोडे दिवस, अशा अल्प काळासाठीचा उपाय समजावा.

सर्वांत भरवशाचा उपाय जाळीचा. रोपवाटिकेच्या गादीवाफ्यावर बांबूच्या कामट्यांच्या कमानी करून त्यांवर जाळी पसरली, तर पाखरू आणि रोप यांची गाठच पडत नाही. पारव्यांस अडविण्यास सुमारे ५ सेंटिमीटर घरांची जाळी चालते. परंतु चिमण्या अडवावयाच्या, तर जाळीची घरे २ सेंटिमीटरहून लहान असावी लागतात. देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा या भागांत भाजीपाल्याचे बीजोत्पादन जाळीच्या छपराखाली केले जाते. तेथे जाळीचे मुख्य काम ऊन आणि किडी यांपासून रक्षण करण्याचे असले, तरी पाखरांचा बंदोबस्त त्यातच होऊन जातो. जाळी वापरताना एक दक्षता मात्र अवश्य घ्यावी. ढिली, लोंबणारी, बारीक धाग्याची जाळी पाखरांस दिसत नाही. त्यांचे पाय व पंख तीत गुंततात आणि ती तडफडून मरतात. सापही अशा जाळीत अडकतात. म्हणून जाळी जाड धाग्याची, घट्ट ताणलेली आणि कडांना मातीत दाबलेली असावी. सकाळ-संध्याकाळ तिच्याभोवती एक फेरी मारून कोणी अडकले नाही ना, हे पाहावे.

कित्येकांस वाटते की, पिकावर तिखटाचे पाणी शिंपडले म्हणजे पाखरे पळून जातील. उंदीर, खार किंवा माकड यांच्या बाबतीत हा विचार योग्य ठरू शकेल. पाखरांच्या बाबतीत तो अगदी चुकीचा आहे. मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यात असतो, ते माणसाच्या आणि इतर सस्तन प्राण्यांच्या जिभेस झोंबते. पाखरांस मात्र त्याची जाणीवच होत नाही. म्हणूनच पोपट हिरवी मिरची पेरूसारखी आनंदाने खातो. यात निसर्गाची एक योजना आहे. दाढांनी चावणारे प्राणी मिरचीचे बी चिरडून टाकतात. रानमिरची खाणाऱ्या अनेक पाखरांच्या पोटातून मात्र ते बी अखंड बाहेर पडते आणि दूरदूर जाऊन रुजते. आपल्या बियांच्या प्रवासासाठी मिरचीने जणू पाखरांची निवड केली आणि इतरांस तिखटाने दूर ठेवले!

कधी कधी, वैतागाच्या भरात, एखाद्याच्या मनात विषारी दाणे टाकण्याचा विचार येतो. हा विचार सर्वस्वी त्याज्य होय. एक तर पोपट, मोर यांसारख्या बहुतेक वन्य पक्ष्यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभय दिले आहे. त्यांस मारणे किंवा पकडणे हा गुन्हा आहे. दुसरे असे की, विष माणसे ओळखत नाही आणि पाखरेही ओळखत नाही. पारव्यासाठी टाकलेला दाणा शेजाऱ्याची कोंबडी खाते. मेलेले पाखरू कुत्रा किंवा मांजर खाते. पावसाच्या पाण्याबरोबर तेच विष ओढ्यात उतरते. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे पाखरे नाहीशी झाली, तर शेताचे काय होते, याचा कटू अनुभव जगाने एकदा घेतलेला आहे.

१९५८ साली चीनमध्ये उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या या चार शत्रूंचा नायनाट करण्याची मोहीम सुरू झाली. चिमण्या धान्य खातात, म्हणून त्यांचे नाव त्या यादीत घातले गेले. गावोगावी लोक ढोल आणि भांडी बडवीत रस्त्यावर आले. चिमण्यांना कोठेही टेकू द्यावयाचे नाही, असा निश्चय होता. उडून उडून थकलेल्या चिमण्या आकाशातून खाली कोसळू लागल्या. त्यांची घरटी मोडली, अंडी फोडली. मोहीम यशस्वी झाली असे वाटले. पण त्यानंतर पिकांवर किडींचा सुळसुळाट झाला. चिमण्या दाणे खात होत्या हे खरे. परंतु त्या किडेही खात होत्या, याचा विसर पडला होता. शास्त्रज्ञांनी चिमण्यांच्या पोटातील अन्न तपासून ही गोष्ट पुढे मांडली. अखेर १९६० साली चिमणीचे नाव त्या यादीतून काढले गेले आणि तेथे ढेकणाचे नाव आले. त्या काळात चीनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. त्याची कारणे अनेक होती. पण पाखरांचा संहार हेही त्यांपैकी एक मानले जाते.

आपल्या शेतांतही पाखरांची ही दुसरी बाजू रोज दिसते. नांगरामागून चालणारे पांढरे बगळे आणि साळुंक्या उघड्या पडलेल्या अळ्या वेचतात. काळाभोर, दुभंगल्या शेपटीचा कोतवाल उंच काठीवर बसून उडते किडे अचूक टिपतो. घरट्याजवळ आलेल्या कावळ्यासही तो धीटपणे पिटाळून लावतो. रात्री घुबड आणि पिंगळा उंदरांचा समाचार घेतात. हरभऱ्याच्या घाट्यांत शिरणारी घाटेअळी वऱ्हाडातील शेतकऱ्यांची मोठी वैरीण आहे. तिच्या बंदोबस्तासाठी शेतात हेक्टरी सुमारे २० पक्षिथांबे उभारावेत, असे कृषितज्ज्ञ सांगतात. पक्षिथांबा म्हणजे दुसरे काही नाही. उभ्या काठीच्या टोकास एक आडवी काठी बांधली, की तो झाला. तुरीच्या बियांत थोडी ज्वारी मिसळून पेरण्याचाही सल्ला दिला जातो. ज्वारीच्या ताटांवर पाखरे टेकतात आणि भोवतालच्या तुरीवरील अळ्या खातात. पाहा, एकच शेतकरी मळ्यात पाखरांस अडविण्यासाठी जाळी बांधतो आणि हरभऱ्यात त्यांस बोलावण्यासाठी काठी रोवतो. यात विसंगती नाही. कोणते पाखरू, कोणत्या पिकात, कोणत्या दिवसांत, याचा विवेक त्यामागे आहे.

हा विवेक एकट्याने केला, तर अर्धेच काम होते. एका मळ्यातून हाकललेला थवा बांध ओलांडून शेजारच्या मळ्यात उतरतो. मग शेजारी त्यास परत पाठवितो. परंतु शिवारातील शेतकऱ्यांनी एकविचाराने साधारण एकाच वेळी पेरणी केली, तर पाखरांचा भार एकाच वाफ्यावर पडत नाही. तो सर्वांत विभागून हलका होतो. पाखरे सकाळी उजाडताच आणि दिवस कलतीस लागल्यावर अधिक येतात. तेवढ्या वेळापुरती पाळीपाळीने राखण केली, तर कोणालाच दिवसभर मळ्यात अडकून पडावे लागत नाही. उन्हाळ्यात पाखरे केवळ भुकेने नव्हे, तर तहानेनेही रसदार काकडी आणि टोमॅटो यांकडे वळतात. अशा वेळी मळ्यापासून थोड्या अंतरावर, झाडाच्या सावलीत पाण्याने भरलेले मातीचे पसरट भांडे ठेवणे हीसुद्धा राखणच होय.

महाराष्ट्रातील कित्येक घरांच्या ओसरीत आणि देवळांच्या मंडपात सुगीनंतर ज्वारीच्या किंवा बाजरीच्या कणसांचा झुपका चिमण्यांसाठी टांगण्याची जुनी रीत आहे. ज्या हातांनी गोफण फिरविली, तेच हात हा झुपका बांधतात. पेरलेले बी शेतकऱ्याचे आहे, आणि ते राखण्याचा त्यास पूर्ण अधिकार आहे. पण सुगीच्या राशीतील चार कणसे पाखरांची आहेत, हेही तो जाणतो. मळ्याची राखण कशी करावी, याचे उत्तर अखेर या दोन गोष्टींच्या मधोमध सापडते.

स्वाध्याय

१. पेरलेला वाफा पाखरांनी टिपला, तर शेतकऱ्याचे कोणकोणते नुकसान होते?

२. पारवा आणि चिमणी यांच्या पिलांना भरविण्याच्या रीतींत कोणता फरक आहे? त्याचा शेतीशी काय संबंध आहे?

३. कारणे द्या :
(अ) काही दिवसांनी पाखरे बुजगावण्यास भीत नाहीत.
(आ) तिखटाचे पाणी शिंपडून पोपट दूर जात नाही.
(इ) पिकावरील जाळी घट्ट ताणलेली असावी.

४. चीनमधील १९५८ सालच्या मोहिमेची हकिकत आपल्या शब्दांत लिहा.

५. ‘एकच शेतकरी जाळीही बांधतो आणि पक्षिथांबाही उभारतो.’ यात विसंगती का नाही, ते पाच-सहा वाक्यांत स्पष्ट करा.

६. वीस पारव्यांचा थवा एका आठवड्यात किती दाणा खाईल, याचा हिशेब करा.

७. तुमच्या गावाच्या शिवारात दिसणाऱ्या पाखरांची आठवडाभर नोंद ठेवा. प्रत्येक पाखरू काय खाते, ते स्वतः पाहून लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.